एल्मरबरोबर हिंगोलीकडे

हिंगोलीला हवापालटासाठी जावं असं मुंबईत कुणाच्या मनात येत नाही. माझ्या आलं, कारण माझे मामा तिथल्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मॅनेजर होते आणि माझ्या एका मित्राच्या छातीला कोरडी हवा हवी होती. युरोपात लढाई सुरू होऊन काही महिने झाले होते. माघ नुकता लागला होता.

मित्राचं नाव एल्मर. काळ्या वर्णाचा अमेरिकन. गिटार वाजवून गाणारा. त्याच्या जातीच्या गाण्याला ते लोक ‘ब्लूज’ म्हणतात. दुःखाचंच गाणं, पण गाणारा रडत नाही, सांगतो. मी तेव्हा एका ग्रामोफोन कंपनीत मेणाच्या तबकड्या सांभाळण्याच्या कामावर होतो. लढाईच्या पाचेक वर्षं आधी एके दुपारी हा उंच, वाकलेल्या खांद्यांचा माणूस आमच्या दुकानात आला आणि कागदावर एक नाव लिहून म्हणाला, “या गवयाची एखादी रेकॉर्ड आहे का?”

मी सगळी कपाटं धुंडाळली. नव्हती. “कोण हा गवई?” मी विचारलं.

“मीच,” तो म्हणाला. “चोवीस वर्षांचा असताना सहा गाणी भरली होती. माझ्याकडे एकही राहिली नाही.”

मी त्याला चहा पाजला. मग तो दर आठवड्याला येऊ लागला. एका नाचाच्या बँडबरोबर शांघायवरून तो मुंबईला आला होता आणि समुद्रावरच्या एका हॉटेलात पाच वर्षं रोज संध्याकाळी वाजवत होता. तिथे गुळगुळीत, गोड गाणी लागत. शेवटच्या वर्षी खोकल्याने त्याला गाठलं. गाण्याच्या मध्येच श्वास तुटायचा. बँडमास्तरने त्याची गाणी दुसऱ्याला दिली, आणि लढाई सुरू झाली तसा सारा बँड पहिल्या मिळालेल्या बोटीने मायदेशी गेला. एल्मर त्या दिवशी इस्पितळात होता. डॉक्टर म्हणाले, या दमट हवेतून याला बाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठे? मला मामांचं घर आठवलं. एवढंच.

पूर्णा

मनमाडला गाडी बदलली, पूर्णेला पुन्हा बदलायची होती. निजामाच्या मुलखात शिरलं की स्टेशनच्या पाट्यांवर उर्दू येते, पाणी विकणारा ‘पानी हुजूर’ म्हणतो आणि मुंबईचा माणूस उगाच जरा ताठ बसतो.

पूर्णेच्या फलाटावर एक गंमत झाली. समोरून येणारा पोलिसांचा जमादार एल्मरला पाहून थबकला, टाच जुळवली आणि खाडकन सलाम ठोकला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “साहेब रिसाल्यातले का? सुट्टीवर चाललेत?” हैदराबादला निजामाच्या पदरी हबशी घोडेस्वारांचं पथक आहे. जमादाराला एल्मर त्यातला वाटला.

मी एल्मरला समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत म्हणाला, “आमच्याकडे पोलिसाचा हात वर गेला की माझ्यावरच खाली यायचा. हा वर गेला आणि वरच राहिला.”

संपूर्ण प्रवासात तो मनमोकळा हसला तो एवढाच.

हिंगोलीला उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. स्टेशनाबाहेर पडलो आणि रस्ताभर कापसाच्या गाड्या. बैल सोडलेले, गाड्या एकामागे एक जीनकडे तोंड करून उभ्या, वर पांढरे ढीग. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. माझ्या मनात आलं, किती सुंदर दिसतंय. मागे वळून पाहिलं तर एल्मर पेटी खाली ठेवून जागच्या जागी उभा.

“हे काय आहे?”

“कापूस. हंगाम आहे ना.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

तो पेटीवर बसला, गिटार मांडीवर आडवी घेतली. “सोळा वर्षांचा असताना मी कापसापासून पळालो. दोन समुद्र ओलांडले. आणि तू तिकीट काढून मला परत कापसातच आणून सोडलंस.” मग त्याने विचारलं, “परतीची गाडी कधी?”

“उद्या.”

टांगेवाला वाट बघत होता. एल्मर बराच वेळ त्या गाड्यांकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच उठून टांग्यात बसला. त्या क्षणापर्यंत मी त्याला त्याच्या गावाबद्दल कधी विचारलंच नव्हतं. बोटी, बँड, शांघाय, रेकॉर्डी, सगळं विचारलं होतं.

मामांच्या घरी

मामा सरळ माणूस. त्यांनी एल्मरशी हात मिळवला, त्याला ओसरीवर आरामखुर्ची दिली, अमेरिकेत कापूस कसा पिकतो ते खोदून खोदून विचारलं. मामींनी दोन दिवस मनापासून रांधलं: अंबाडीची भाजी, करडईच्या तेलाची धार घातलेला ठेचा, ज्वारीच्या पातळ भाकरी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. एल्मरला भाकरी फार आवडली. त्याची आई मक्याची अशीच काहीतरी करायची म्हणे.

पण त्याचं पान ओसरीवर आणि आमची पानं आत. त्याचा चहा एका कान तुटलेल्या कपात येई. तो कप घरात जात नसे. ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे आणि मामी वरून चहा ओतत. पहिल्याच संध्याकाळी माझ्या ते लक्षात आलं. मनाशी ठरवलं, मामांशी बोलायचं. जेवताना बोलू म्हटलं, जेवताना मामी समोर होत्या. सकाळी बोलू म्हटलं, सकाळी मामा जीनला गेले. खरं सांगायचं तर मला भाचा म्हणून त्या घरात चार दिवस सुखाने राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर एल्मर उठला, अंगणातल्या रांजणापाशी गेला. त्याने रांजणात हात घालायला नको म्हणून मामी लगबगीने आल्या आणि त्यांनी वरून पाणी ओतलं. त्याने कप धुतला, आणून बरोबर कोनाड्यात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

“आमच्याकडे पाट्या लावतात. इथे गोऱ्यांनी प्यायचं, इथे काळ्यांनी. तुमच्याकडे पाटी लागत नाही.”

मी म्हणालो, “मामी जुन्या वळणाच्या आहेत.”

“हो,” तो म्हणाला. “तिकडेही सगळे जुन्या वळणाचेच असतात.”

जीन

दुपारी मामा आम्हाला जीन दाखवायला घेऊन गेले. आत यंत्रांचा खडखडाट आणि माणसांच्या भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू. एल्मरने नाकाला रुमाल लावला होता. बाहेर एका गाडीपाशी भाववाल्याशी, म्हणजे मालाचा भाव ठरवणाऱ्याशी, एका म्हाताऱ्याची हुज्जत चालली होती. डोक्याला तांबडं पागोटं, कानात बाळ्या, मिशा पांढऱ्या. सेनगावच्या बाजूला साखऱ्याजवळ लमाणांचा तांडा आहे, तिथला हा नायक, म्हणजे तांड्याचा मुख्य. नाव हरचंद. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहायचे; आता शेती करतात.

भाववाला म्हणत होता, माल आखूड धाग्याचा आहे. नायक म्हणत होता, न्हाई. एल्मर जवळ गेला, ढिगातून एक बोंड उचललं, दोन्ही हातांच्या चिमटीत कापूस धरून हलकेच ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. मग बोट दाखवून मला म्हणाला, “वरचा आखूड आहे. पण खालचा चांगला आहे. हा दोन वेचण्यांचा माल एकत्र झालाय. खालचा वेगळा काढायला सांग.”

मी सांगितलं. नायकाने खालून मूठभर कापूस उपसला, तसाच ओढून पाहिला आणि एल्मरकडे बघतच राहिला.

“ह्यो सायब कास्तकार हाय का काय?”

“त्याच्या घरी कापूस वेचायचे,” मी म्हणालो. “लहानपणी तोही वेचायचा.”

“सायबाच्या घरी? वेचाया?” नायकाचा विश्वास बसेना. त्याने एल्मरचा हात हातात घेतला, उलटा केला, बोटांची टोकं निरखली. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या काट्यासारख्या असतात. वेचणाऱ्याच्या नखांच्या कडेला त्यांच्या खुणा पडतात. एल्मरच्या बोटांवर त्या होत्या. पाच वर्षांत कितीदा तरी मी तो हात हातात घेतला होता, मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

“बराबर,” नायक म्हणाला. “ह्यो आपल्यातलाच माणूस हाय. परवा माझ्या रूपलीचं लगीन हाय. याला घेऊन या तुमी. काहून न्हाई येणार? यायाचंच.”

मामा म्हणाले, तांड्यावर कसलं जाता, तिथे धड सोय नाही. एल्मरने विचारलं, “तो काय म्हणतोय?” मी सांगितलं. तो म्हणाला, “आपण जाऊ.”

गोरेगावची वाट

नायकाच्या रिकाम्या गाडीतून आम्ही सकाळी निघालो. गाडीत कडबा पसरून वर घोंगडी टाकली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली, मधे मधे कापसाच्या पऱ्हाटीची शेतं, आणि दूर बुटक्या, काळपट टेकड्या. वाटेत एका शेतकऱ्याने गाडी थांबवून आम्हाला हुरडा खायला उतरवलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. एल्मरचा तळवा पोळला, पण त्याने चार कणसं खाल्ली.

पुढे एका शेतात बायका कापूस वेचत होत्या. कमरेला ओटी बांधून रांगेने पुढे सरकत होत्या आणि एकजण गाणं म्हणत होती, बाकीच्या तिचा सूर ओढून धरत होत्या. एल्मरने गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली. गाणं संपेपर्यंत तो ऐकत राहिला. मग आपणहून बोलू लागला, आणि वाटेतलं मुक्कामाचं गाव, गोरेगाव, येईपर्यंत बोलत राहिला.

त्याचा बाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, कापूस करायचा. घरात सात भावंडं. पाच लहानपणीच गेली. राहिले हा आणि धाकटी बहीण रूथ. बाप गिटार वाजवायचा, पण बोटांनी दाबून नव्हे. खिशातला चाकू तारांवरून घासत. तसं वाजवलं की तार माणसासारखी बोलते, असं एल्मर म्हणाला. बापानेच त्याला शिकवलं. सोळाव्या वर्षी जमीनमालकाच्या मुलाशी काहीतरी शब्दाला शब्द लागला. त्या मुलखात काळ्या पोराने असा शब्द परत केला की जीव राहत नसे. आईने भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, पळ.

“रूथ तेव्हा अकरा वर्षांची होती. ती ओळीत कापूस वेचत होती. मी ओळीच्या टोकाला उभा राहून तिला म्हणालो, मी तुला न्यायला येतो. तिने मान हलवली. हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर कुणीतरी बघितलं असतं.”

“मग?”

“मग काय? शहरात गेलो. रस्त्यावर वाजवलं, दारूच्या गुत्त्यात वाजवलं. नाव झालं. एका कंपनीने रेकॉर्डी काढल्या. घर सोडल्यावर आठ वर्षांनी आईचं पत्र फिरत फिरत मला मिळालं. रूथ तापाने गेली होती. पत्र लिहिलं त्याला दोन वर्षं झाली होती. तिला न्यायला जाण्याइतका माझ्याकडे तोवर सगळा सरंजाम होता. आज जाऊ, पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असं करत राहिलो.”

गाडीचं चाक एका खड्ड्यात गेलं, आम्ही दोघेही कलंडलो, पुन्हा सावरून बसलो.

“मी तिच्यावर गाणं केलं,” एल्मर म्हणाला. “ओळीच्या टोकाला उभा आहे, असं. चाकूने वाजवून भरलं. तेच माझं सगळ्यात जास्त खपलं. एकदा एका हॉलमध्ये गेलो तर लोक त्यावर नाचत होते. बाया-पुरुष हसत होते. त्या दिवसापासून चाकू लावला नाही तारेला. गोड वाजवायला शिकलो. गोड वाजवणाऱ्याला जगभर काम असतं.”

मला वाटलं, आता आपणही काहीतरी खरं बोलावं. मी म्हणालो, “मामांच्या घरी मी बोलायला हवं होतं.”

“दर वेळी तू त्या कपाकडे बघत होतास,” तो म्हणाला. “मी बघत होतो तुला.”

एवढंच म्हणाला. राग नव्हता, पण माफ केलं असंही नव्हतं. गोरेगावला एका दुकानाच्या पडवीत रात्र काढली आणि सकाळी पुढे निघालो.

तांडा

साखऱ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला चाळीसेक झोपड्या. आरशांच्या तुकड्यांचे घागरे घातलेल्या बायका, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. नायक सामोरा आला. त्याने एल्मरला स्वतःशेजारी घोंगडीवर बसवलं, पितळी लोट्यातून स्वतः पाणी प्यायलं आणि तोच लोटा एल्मरच्या हातात दिला. एल्मरने लोटा दोन्ही हातांनी धरला, जरा थांबला, मग प्यायला. मी आमच्या घरच्या शिकवणीने वाढलेला. लोटा माझ्याकडे आला तेव्हा मीही प्यायलो. फार मोठं काही केलं असं कृपा करून समजू नका. तिथे मामी नव्हत्या.

नायकाची बहीण झमकूबाई पन्नाशीची असेल. नवरा वारल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. तांड्याची गाणी तिच्या तोंडात. एल्मरच्या गिटारभोवती फिरत तिने विचारलं, “ह्ये काय हाय? याला किती तारा? आमच्या भाटाच्या वाद्याला एवढ्या न्हाईत.”

लग्न त्याच दिवशी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी सासरी निघायची वेळ झाली. आपल्याकडे मुली निघताना रडतात. लमाणांत ते रडणं म्हणजे गाणंच असतं. त्याला ‘ढावलो’ म्हणतात. रूपली एकेका माणसाच्या गळ्यात पडून त्या त्या नात्याच्या नावाने गाऊन रडत होती: आईच्या गळ्यात वेगळं, आत्याच्या गळ्यात वेगळं. भाषा त्यांची निराळी, मला अर्धीही कळली नाही. पण शेवटी ती धाकट्या भावाच्या गळ्यात पडली तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही.

एल्मर माझ्याशेजारी उभा होता. त्याचा श्वास मोठ्याने वाजत होता. तो मागे वळला, झोपडीतून गिटार घेऊन आला, एका खाटेच्या कडेवर बसला आणि खिशातून चाकू काढला. मला वाटलं, आता बायका रागावतील. कुणाच्या रडण्यात कुणी वाजवतं का? त्याने चाकूची पाठ तारांवर टेकवली आणि घासत वर नेली.

तबकड्यांवर मी हजारो वाद्यं ऐकली आहेत. असा आवाज ऐकला नव्हता. तार रूपलीच्या मागोमाग जात होती. ती वर गेली की वर, ती हुंदक्यात तुटली की तिथेच तुटून थांबायची. रूपलीने मान वळवून पाहिलं, पण थांबली नाही. झमकूबाई पुढे झाली आणि त्या दोघांच्या मधे तिने आपला घोगरा आवाज घातला. मग एल्मरही गायला लागला. त्याच्या भाषेत, हळू, श्वास पुरेल तेवढंच. बायका त्याच्याभोवती येऊन बसल्या. त्याच्या शब्दांतलं मला एवढंच कळलं: ओळ, टोक, येतो. कुणीही नाचलं नाही.

मुलगी गेल्यावर झमकूबाईने त्याच्या डोक्यावरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि मला म्हणाली, “विचार बरं त्याला. कोण गेलं त्याचं?”

मी विचारलं नाही. मीच सांगितलं. ती उठून गेली आणि त्याच्यासाठी तुपातला गूळ घेऊन आली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला

त्याच दुपारी एल्मरला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत अंग भाजत होतं आणि छातीत घरघर लागली. नायक म्हणाला, “गाडी जुंपतो, हिंगोलीला नेऊ.” पण गाडीचा रस्ता दीड दिवसाचा. एका माणसाला घोड्यावर डॉक्टर आणायला पाठवलं. झमकूबाईने छातीवर मोहरीच्या तेलाचा शेक दिला, आलं-गूळ उकळून पाजला. मी उशाशी बसलो. एरवी मला माणसांशी बोलण्याचा फार सोस, पण त्या दीड दिवसात मला एकही वाक्य नीट सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जरा शुद्ध आली. ऊन झोपडीच्या दारात आलं होतं. त्याने विचारलं, “आवाज कसला?”

“बायका वेचायला निघाल्यात.”

“दुपारी? आमच्याकडे पहाटे निघायचे,” तो म्हणाला. “दव असताना कापूस जड असतो.”

“लग्न होतं ना. आज उशिरा निघाल्या.”

“बरं,” तो म्हणाला. मग दारातल्या उन्हाकडे बघत, “काल चांगलं वाजलं. नाही?”

“फार चांगलं वाजलं.”

“तुझ्या कंपनीची कोरी तबकडी असती इथे, तर?”

“मी भरून घेतलं असतं,” मी म्हणालो.

“नको,” तो म्हणाला. “बरं झालं नव्हती.”

तिसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत तो गेला. डॉक्टर तासाभराने पोचले. त्यांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली, टोपी काढून बाजूला उभे राहिले.

पुढचं सगळं नायकाने केलं. मला वाटलं होतं मृतदेह हिंगोलीला न्यावा लागेल, कुणाची परवानगी, कुठे जागा. माझं डोकं चालेना. नायक म्हणाला, “तुमी तकलीफ घेऊ नका. माझ्या बांधावर जागा हाय.” त्यांच्यात माणसाचं लग्न झालेलं असेल तर जाळतात, नसेल तर मातीत ठेवतात, हेही त्याने सांगितलं, आणि विचारलं, “यांचं लगीन झालं होतं का?”

मला माहीत नव्हतं.

“ख्रिस्ती होता,” मी म्हणालो. “त्यांच्यात मातीतच ठेवतात.”

चार माणसांनी शेताच्या बांधावर खड्डा खणला. शेतात शेवटच्या वेचणीचा कापूस उभा होता. एल्मरला झमकूबाईच्या नव्या ओढणीत गुंडाळलं होतं. मला येत होती तेवढी एक इंग्रजी प्रार्थना मी म्हटली. मध्येच विसरलो, पुन्हा सुरुवातीपासून म्हटली. गिटार त्याच्याबरोबर ठेवू का असं नायकाने विचारलं. मी हो म्हणालो.

माती ओढून झाल्यावर बायका पुढे आल्या आणि अर्धवर्तुळ करून बसल्या. पण रडायला सुरुवात होईना. त्या एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी झमकूबाई उठून माझ्याकडे आली.

“आमच्यात नात्याचं नाव घेऊन रडत्यात,” ती म्हणाली. “लेक म्हणून, बाप म्हणून, दीर म्हणून. ह्याचं कोणतं नाव घ्यावं? तुमी कोण लागता याचे?”

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पाच वर्षं तो आमच्या दुकानात चहा प्यायला होता. मला शब्द माहीत होता. तो तोंडापर्यंत आलाही होता.

“आम्ही बरोबर आलो होतो,” मी म्हणालो.

ती जराशी थांबली. आणखी काही येतंय का, याची वाट पाहत असावी. मग तिने मान हलवली, परत जाऊन मातीपाशी बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दोन्ही हात जमिनीवर टेकवून गळा काढला.

“वीरा रे,” तिने हाक मारली, आणि बाकीच्या बायकांनी ती ओढून धरली.

त्यांच्या भाषेत वीरा म्हणजे भाऊ.